काळा पडदा, पांढरी एक

मराठी माणसाला विकता येत नाही, असं जे नेहमी म्हटलं जातं, त्यात मला एक किरकोळ दुरुस्ती सुचवायची आहे. नवी वस्तू त्याला एखादवेळ विकता येईलही. जुनी वस्तू मात्र मुळीच विकता येत नाही. याचं कारण त्याचा भाबडेपणा वगैरे नव्हे. कारण एवढंच, की वस्तू बघायला आलेल्या माणसाला तो आधी तिच्यातले दोष सांगतो आणि मग तिच्या आठवणी सांगतो. निम्मं गिऱ्हाईक दोषांनी पळतं, उरलेलं आठवणींनी.

आमच्या शेजारच्या काकांनी एकदा आपली स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, तेव्हा काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "हे बघा, नंतर कटकट नको. ही पहिल्या किकला सुरू होत नाही. दुसऱ्याही होत नाही. तिसऱ्याला मूड असेल तर होते." गिऱ्हाईक बिचारं तरीही बसून राहिलं होतं. तेव्हा काका स्कूटरच्या सीटवर हात फिरवत म्हणाले, "आमच्या थोरल्याच्या वेळी सौभाग्यवतींना हिच्यावरूनच दवाखान्यात नेलं होतं हो. पाऊस असा कोसळत होता!" एवढं ऐकल्यावर कोण भाव करणार? गिऱ्हाईक डोळे पुसत गेलं. स्कूटर अजून जिन्याखाली आहे.

हे सगळं डोळ्यांसमोर असूनही मी एक जुना कॉम्प्युटर विकायला काढला.

त्याचं असं झालं, की आमची इमारत पाडून त्या जागी उंच इमारत उभी राहायची आहे. पुण्यात हल्ली गल्लीगल्लीत हे चाललेलं असतं आणि त्याला रीडेव्हलपमेंट म्हणतात. तीन महिन्यांत जागा रिकामी करा, असं बिल्डरचं पत्र आलं आणि आम्ही माळा उघडला. मध्यमवर्गीय माणसाचा माळा म्हणजे त्याच्या संसाराचं इतिहास संशोधक मंडळ. त्यात एक तांब्याचा बंब निघाला, चार छत्र्यांचे सांगाडे निघाले, सात पाट निघाले आणि वीस वर्षांचे दिवाळी अंक निघाले. कापडी खोळीतली नानांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, निघाली. आणि पेटीच्या मागून थर्माकोलच्या खोक्यात बसलेला कॉम्प्युटर निघाला. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबी तेवीस सेंटिमीटर, रुंदी चौदा, जाडी तीन. वजन साडेपाचशे ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो श्रीखंड डब्यासकट. अंगाने काळा, कोपऱ्यावर इंद्रधनुष्याचे चार पट्टे आणि रबराच्या चाळीस कळा. त्यांवर टाइप करताना आपण खोडरबराच्या दुकानात चाचपडतो आहोत असं वाटतं. इंग्लंडात केंब्रिजला क्लाइव्ह सिंक्लेअर नावाचे एक गृहस्थ होते. सामान्य माणसाच्या घरात कॉम्प्युटर गेला पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं आणि २३ एप्रिल १९८२ रोजी हे यंत्र बाजारात आणलं. किंमत १६ केबीच्या यंत्राला १२५ पौंड आणि ४८ केबीच्याला १७५. ४८ केबी म्हणजे किती? आज रोज सकाळी सहाला कुणी तरी आपल्याला फोनवर गुलाबाचं फूल पाठवतं ना, त्यातली फार तर एखादी पाकळी त्यात मावेल. पण तेवढ्या जागेत तेव्हाची इंग्लंडातली पोरं विमानं उडवत, बुद्धिबळं खेळत आणि मोठेपणी त्यातच नोकऱ्याही करत. अशी पन्नास लाखांवर यंत्रं खपली. १९८८ साली डेसिबेल्स नावाच्या कंपनीने परवाना घेऊन त्याचा पुढचा अवतार आपल्या देशातही आणला. सिंक्लेअरसाहेब २०२१ साली गेले. उतारवयात ते स्वतः इंटरनेट वापरत नसत, हे वाचल्यावर मला त्यांच्याबद्दल फारच आपलेपणा वाटला. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही म्हणतात, तसंच हे.

सिंक्लेअरसाहेबांनी किंमत कमी ठेवली ती कशी, हे खोकं उघडल्यावर कळतं. आत पडदा नाही. पडदा म्हणून आपला घरचा टीव्ही लावायचा. प्रोग्रॅम ठेवायला आपला घरचा टेपरेकॉर्डर लावायचा. कॅसेटवरून एखादा खेळ आत घ्यायला पाच मिनिटं लागत आणि ती पाच मिनिटं टेपरेकॉर्डर मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळत असे. यंत्र त्यांचं, बाकी पडदा आपला, टेप आपली आणि कानही आपले.

आमच्या घरी तो आला १९८५ साली. माझे मामा इंग्लंडहून कायमचे परत आले आणि येताना त्यांच्या मुलासाठी घेतलेला हा कॉम्प्युटर घेऊन आले. मुलाचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. चार दिवस मी त्या रबरी कळांपुढून उठलो नाही. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पाहिलं आणि मामांना किंमत विचारली. मामा म्हणाले, "नात्यात पैसे कसले घ्यायचे? कस्टमचे तेवढे द्या."

हे 'कस्टमचे तेवढे' नानांच्या पोस्टाच्या पुस्तकातल्या शिलकेशी इतके तंतोतंत जुळले, की मामांनी ते पुस्तक आधी पाहिलेलं असावं असं आमच्या आत्याचं मत पडलं. आत्या आपली मतं माणसाच्या पाठीमागे मांडत नसे. ती मामांच्या समोरच मांडली.

त्या पुस्तकातले पैसे पेटीचे होते. नाना कचेरीत कारकून आणि दर गुरुवारी भजनात पेटीला. त्यांच्या जुन्या पेटीचा भाता गळत होता आणि स्केल चेंजरची नवी पेटी घ्यायची म्हणून ते पाच वर्षं पैसे बाजूला टाकत होते. त्यांनी पुस्तक रिकामं केलं आणि म्हणाले, "पेटी काय, पुढच्या वर्षी घेऊ." पुढचं वर्ष म्हणजे १९८६. ते आलं आणि गेलं. त्यानंतरही बरीच पुढची वर्षं येऊन गेली. आत्या मात्र शेवटपर्यंत त्या कॉम्प्युटरला 'नानाची नवी पेटी'च म्हणत असे.

मी त्याच्यावर बेसिक शिकलो. ज्या नोकरीवर पुढे आमचा संसार उभा राहिला, तिची बाराखडी मी याच खोडरबरांवर गिरवली. मग मोठे कॉम्प्युटर आले, पडद्यासकट आले, आणि हा पेटीच्या मागे जाऊन बसला. नवी भाड्याची जागा लहान. चिरंजीवांनी फोनवरून दोन फोटो काढून कुठेशी जाहिरात टाकली आणि पंधराव्या मिनिटाला हिंजवडीहून एका मुलाचा फोन आला.

"काका, डिस्प्ले येतोय?"

"वस्तू एकदम जपलेली आहे. मूळ खोकं आहे, पुस्तक आहे, अडॅप्टर आहे..."

"डिस्प्ले येतोय का पण?"

"त्याची एक गंमत आहे. आमच्या नानांनी तो..."

"काका, डिस्प्ले नसेल तर पार्ट्सच्या भावानं घेईन. असेल तर पाचपट देतो. लावून बघा आणि फोटो पाठवा."

पोरगं हुशार. आठवणींना वावच दिला नाही.

आता हा कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे पहिला प्रश्न विजेचा. जुनी वस्तू जोडायची आहे ही बातमी आमच्या इमारतीत कशी पसरते कोण जाणे. पण मी खोकं उघडायच्या आत शेजारचे काका हातात मल्टिमीटर आणि खिशात तीन अडॅप्टर घेऊन हजर झाले. मल्टिमीटर त्यांनी स्कूटरसाठी घेतला होता. स्कूटरवर त्याचा परिणाम झाला नव्हता, पण काकांचा आत्मविश्वास वाढला होता. 'पीन बसते म्हणजे चालतं' या पंथाचे ते. त्यांनी त्यांच्या सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर काढला आणि कॉम्प्युटरच्या भोकाजवळ नेला. मी त्यांचा हात वरच्यावर धरला.

"काका, याची रीत उलटी आहे. बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेत मधे अधिक आणि बाहेर उणे असतं. यात मधे उणे आणि बाहेर अधिक."

"असं कसं? सासरचं माहेरी आणि माहेरचं सासरी?"

"तसंच. आणि तुमचा लावला तर जळेल."

मग मूळ अडॅप्टर काढला. तो विटेएवढा आणि विटेच्याच वजनाचा. त्याच्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं. काकांनी मीटर लावला आणि ओरडले, "साडेबारा! अहो, नऊ लिहून साडेबारा देतोय! टाकून द्या!" मी त्यांना समजावलं, की या जुन्या अडॅप्टरांना काम नसलं म्हणजे त्यांचा आवाज चढतो. कामाला जुंपले की आपोआप नऊच्या आसपास येतात. काका तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. ते काही बोलले नाहीत, पण मीटर गुंडाळून ठेवला.

मग आमचा भिंतीवरचा टीव्ही. कॉम्प्युटरची तार त्याच्या अँटेनाच्या सॉकेटमध्ये घातली आणि चॅनेल शोधायचं बटण दाबलं. टीव्ही शोधू लागला. दहा टक्के, वीस टक्के, साठ टक्के. घरातले सगळे जमा झाले. शंभर टक्के. 'शून्य चॅनेल सापडले.' पुन्हा शोधलं. पुन्हा शून्य. काळाभोर पडदा आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी रिकाम्या रिक्षासारखी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतेय.

"गेला," काका म्हणाले. त्यांच्या सुरात दुःख होतं, पण थोडं समाधानही होतं.

"माझी मालिका सुरू व्हायची आहे," ही म्हणाली. तिच्या सुरात दुसरं काहीच नव्हतं.

आता इथे नानांविषयी थोडं सांगायला हवं. नानांना सत्त्याऐंशीवं चालू आहे. गेल्या वर्षी एक लहानसा झटका येऊन गेला. हातपाय सावरले, पण बोलणं जवळजवळ थांबलं. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतं, समजतं, जिभेलाही काही झालेलं नाही. बोलतील कधी तरी. घाई करू नका." आम्ही घाई केली नाही. 'चहा देऊ?' म्हटलं की मान उभी किंवा आडवी हले, तेवढ्यावर घर चाललं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांची कॉट आणि आमचा हा सगळा खटाटोप त्यांच्या पायांशी चाललेला. ते छताकडे बघत पडले होते.

पडदा काळा म्हणजे यंत्र मेलं, असं मानायला मी तयार नव्हतो. कारण स्पेक्ट्रमच्या पोटात त्याचा स्वतःचा एक चिमुकला स्पीकर असतो. त्याला टीव्ही लागत नाही. यंत्र जिवंत असेल तर कळ दाबल्यावर आतून 'टक्' असा अगदी बारीक आवाज येतो. मी सगळ्यांना गप्प केलं, पंखा बंद केला आणि कान खाली नेऊन एक कळ दाबली.

टक्.

"पाल असेल," काका म्हणाले.

तेव्हा मी ठरवलं, याला बोलतं करायचं. स्पेक्ट्रमच्या कळांवर नुसती अक्षरं नसतात, आख्खे हुकूम छापलेले असतात. एकेका कळेवर पाच-पाच, सहा-सहा. वर एक, खाली एक, अंगावर दोन. पुण्यातल्या जुन्या जिन्यावरच्या पाट्यांसारखं. 'बीप' हा हुकूम झेडच्या कळेखाली. तो मिळवायचा तर आधी दोन्ही शिफ्ट एकदम दाबायच्या, मग सोडायच्या, मग त्यातली एक दाबून झेड. पडदा दिसत नसताना हे म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. पण बोटांची स्मरणशक्ती डोक्याच्या स्मरणशक्तीपेक्षा टिकाऊ असते. काल चष्मा कुठे ठेवला ते मला सांगता येणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा बीप बोटांनी बिनचूक काढला. पुढे एक, स्वल्पविराम, शून्य. एक म्हणजे एक सेकंद. शून्य म्हणजे मधला सी. एंटर.

आणि त्या काळ्या डबीतून एक सूर निघाला. बारीक, पिपाणीसारखा, पण स्वच्छ. बरोबर एक सेकंद.

"पांढरी एक," कॉटवरून आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. नाना छताकडेच बघत होते. मग सावकाश म्हणाले, "जरा चढी आहे."

पाच-सात सेकंद कुणी हललं नाही. ही एकदम 'दूध उतू जातंय' असं म्हणून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

माझ्या हातून पुढे काय झालं ते यंत्रवतच म्हणायचं. मी दोन दाबलं. "पांढरी दोन." चार. "पांढरी तीन." मग मी मुद्दाम मधेच सहा दाबलं. नानांनी डोळे मिटले. "काळी तीन. फसवतोस काय?" सिंक्लेअरसाहेबांच्या हिशेबात एकेक आकडा म्हणजे पेटीची एकेक पट्टी. पांढरी एकपासून मोजत गेलं की सगळी सप्तकं आकड्यांत बसतात. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. पण ते नानांना सांगावं असं कधी सुचलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून अख्खं सप्तक वर-खाली केलं. मालिका बुडाली. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हिंजवडीला फोन केला. "डिस्प्ले नाही अजून, पण आवाज उत्तम आहे. सुरात आहे."

"काका, आवाज नकोय," तो म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. मग मी यंत्र पिशवीत घालून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला गेलो. तिथल्या एका बोळात एक जुने रेडिओ-टीव्हीवाले बसतात. वय सत्तरच्या पुढे, चष्म्याला दोरी, बोलणं मोजून-मापून. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं, स्क्रू काढले आणि कळांचं झाकण हळूच उचललं. "आत दोन पट्ट्या असतात," ते पुटपुटले, "जुन्या झाल्या की पापडासारख्या मोडतात. ओढायच्या नाहीत." पट्ट्या मोडल्या नाहीत. मग त्यांनी मीटरचं काळं टोक एका जागी धरलं आणि लाल टोक चिपांवरून फिरवू लागले.

"अधिक पाच. ठीक. अधिक बारा. ठीक. उणे पाच..." ते थांबले. माझा श्वास थांबला. "आहे. उणे पाच आहे."

"उणे पाच कशाला लागतं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बोलणं मोजून-मापून असलं, तरी हा विषय त्यांच्या आवडीचा असावा.

"या खालच्या आठ मेमरी चिपा. जुन्या जातीच्या. यांना तीन तऱ्हेची वीज लागते. अधिक पाचावर काम चालतं, अधिक बारावर जोर येतो. पण हे उणे पाच असतं ना, ते सगळ्यांना जागेवर ठेवतं. ते एकदा का गेलं, की हेच बारा व्होल्ट आतल्या आत चिपा जाळून टाकतात. उणे पाच दिसायला बारीक, काम काहीच करत नाही असं वाटतं. पण ते आहे म्हणून बाकीचे आहेत."

मला आत्या आठवली. प्रत्येक घरात एक माणूस उणं बोलणारं असतं. लग्नात जेवण उत्तम झालं की 'मठ्ठा आंबट होता' म्हणणारं. सगळे अधिक अधिक करत उधळले की त्यांना जागेवर ठेवणारं. आत्या गेल्यावर आमच्या घरात ती जागा रिकामीच होती, असं मी समजत होतो. पण काल संध्याकाळी वर्षभरानंतर तोंड उघडून माणूस म्हणतो काय, तर 'जरा चढी आहे'! घरातलं उणे पाच शाबूत होतं.

"मग पडदा का काळा?" मी विचारलं.

"मशीनला काही झालेलं नाही. तुमचा टीव्ही फार शिकलेला आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. हे यंत्र त्याचं चित्र टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या छत्तीस नंबरच्या चॅनेलवर पाठवतं. हे मला ठाऊक होतं. १९८५ साली आमच्या घरच्या संचाचा नॉब दोनपासून बारापर्यंतच फिरत असे, म्हणून मामांकडून कॉम्प्युटरबरोबर त्यांचा इंग्लंडचा छोटा टीव्हीही घ्यावा लागला होता. त्याच्यावर दूरदर्शन दिसत नसे. दूरदर्शन न दिसणारा टीव्ही घरात आणणारे पुण्यातले पहिले गृहस्थ, असा आत्यानं नानांचा तेव्हा सत्कार केला होता. तो टीव्ही कधीच भंगारात गेला. पण नुसत्या छत्तीस नंबरानं भागत नव्हतं. स्पेक्ट्रमचं चित्र प्रक्षेपणाच्या नियमात काटेकोर बसणारं नाही. दूरदर्शनचं चित्र दोन हप्त्यांत, सम-विषम रेघांनी विणलेलं येई. हा गडी त्याच त्या रेघा पुन्हा पुन्हा मारतो. शिवाय वयानं त्याचा नंबरही थोडा इकडेतिकडे सरकलेला असतो. जुने संच म्हणत, बरं बाबा, जसं असेल तसं दाखव. नवे संच आधी कागदपत्रं तपासतात. नियमात बसलं नाही, की त्यांच्या लेखी तिथे काही नाहीच. सिग्नल नाही!

बोलता बोलता त्यांनी टेबलाखालून चौदा इंची जुना, पोटवाला टीव्ही ओढून काढला आणि तार जोडली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. "याला बटण दाबून शोधायला सांगायचं नाही," ते म्हणाले, "आपण शोधायचं." त्यांनी एक बारीक चकती नखानं फिरवायला सुरुवात केली. मुंग्या. मुंग्या. मधेच मुंग्यांची वाट जरा वाकडी झाली. ते थांबले, चकती केसभर मागे घेतली. मुंग्या बाजूला सरल्या आणि फिकट पांढरा पडदा उगवला. त्याच्या तळाशी काळ्या अक्षरांत एक ओळ होती. सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड, १९८२.

चाळीस वर्षांत एक अक्षर बदललं नव्हतं. मी बदललो होतो. ती ओळ वाचायला मला चष्मा लागला.

त्यांनी विचारलं, "वायर ओढून देऊ? घरच्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटवर दिसेल. पण मग मूळचं मूळ राहणार नाही." मी हिंजवडीला फोन लावला. "नको, नको!" पोरगं ओरडलं, "आत कुणी हात लावू नका! ओरिजिनल राहू दे!" परवापर्यंत ज्याला फक्त बाहेरचं हवं होतं, त्याला आज आतलं हवं होतं. मजुरी विचारली, तर रेडिओवाले म्हणाले, "कसली? दुरुस्त काय केलं मी?" चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले.

मुलगा रविवारी आला. पाठीवर सॅक, हातात स्वतःचा छोटा जुना टीव्ही, बोलायला अगदी साधा. त्याचा जन्म १९९६चा. म्हणजे यंत्र त्याच्याहून चौदा वर्षांनी थोरलं. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं. मी रीतीप्रमाणे आधी दोष सांगितले. स्पेसची कळ दोनदा दाबावी लागते, खालचं एक रबरी बूड गेलंय. तो मान डोलवत राहिला. दोष संपले तेव्हा मी थांबलो. आठवणी सांगायच्या नाहीत, असं ठरवून बसलो होतो. तर तोच म्हणाला, "पुढे सांगा ना, काका. कुठून आला, कुणी घेतला? मला लिहून ठेवायचंय." आठवणींनी पळणारं गिऱ्हाईक मी ऐकलं होतं, आठवणी मागून घेणारं पहिल्यांदाच पाहिलं. शेजारचे काका दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी त्याला हळूच विचारलं, "स्कूटरमध्ये काही इंटरेस्ट आहे का?"

मी सगळं सांगितलं. मग तो कॉटजवळ गेला आणि वाकून म्हणाला, "आजोबा, तुम्ही घेतला होता ना हा?"

नाना त्याच्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "नाही. कस्टमचे तेवढे दिले."

पैसे त्यानं कबूल केल्याप्रमाणे पाचपट दिले, वर घासाघीस केली नाही. यंत्र खोक्यात घालताना मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण जाताना त्यानं आमच्याकडून बीपच्या कळांचा क्रम पुन्हा एकदा घोटून घेतला, तेव्हा जरा हलकं वाटलं. त्याला तो पडद्यावर बघून जमत होता. आंधळेपणानं जमायला त्याला वेळ लागेल, पण वयही आहे त्याचं.

त्या पैशांचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली नाही. ही खोळ झटकून मोकळी झाली होती.

सोमवारी नानांना रिक्षात घालून, मांडीवर पेटी घेऊन, मी पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यानं पेटी समोर ठेवली, भाता दोनदा हलवला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. फुस्स असं काही तरी झालं.

"काय तक्रार आहे?" त्यानं विचारलं.

"आवाज नाही," मी म्हणालो.

नाना खुर्चीवर काठी टेकून बसले होते. ते माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "आवाज आहे. वारा नाही."